देवकीचो झील

डिचोली–पणजी बसवर गोकुळदास गावस कंडक्टर होता, तेव्हाची एक गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. एका उतारूनं तिकीट घेताना कौतुकानं त्याला म्हटलं, "तुम्ही अगदी हळर्णकर मास्तरांसारखे दिसता हां. शेवटी रक्त लपत नाही." गोकुळदासनं घंटी मारली. अस्नोड्याचा थांबा अजून यायचा होता, पण बस थांबली. "उतर," तो म्हणाला. माणूस उतरेना. तेव्हा गोकुळदास स्वतःच खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला. "म्हणालंस तां परत घे. नाय तर बस हयच ऱ्हवतली."

मागच्या बाकांवर बाजाराला निघालेल्या बायका होत्या. त्यांनीच त्या माणसाच्या मागे लकडा लावला. "घे रे परत. आमची भाजी सुकता." त्यानं शब्द परत घेतला, मग बस हलली.

मी त्या बसमध्ये नव्हतो. पण गोकुळदासबरोबर मी वीसेक वर्षं नाटकात उभा राहिलो आहे. मी सर्वणचा, तो मयेचा. तो हसवायचा आणि मी गंभीर चेहऱ्यानं त्याच्यासमोर उभा राहायचो. लोक म्हणत, सगुणला काही येत नाही. खरं आहे, पण न हसता गोकुळदाससमोर उभं राहणं सोपं नव्हतं. तो त्या उतारूवर एवढा का चिडला, हे कळायला आधी मास्तर कोण हे सांगायला हवं.

मास्टर रघुवीर हळर्णकर हे पेडण्यातल्या हळर्णचे. लहानपणी मुंबईला गेले, शिंप्याच्या हाताखाली काजं करता करता नकला करू लागले, आणि पुढं त्या नकलांनी सगळा मुलूख हसवला. रेडिओ, तबकड्या, नाटक, कोल्हापुरात सिनेमा. त्यांच्या नकलेतली बायजाकाकू तर घरोघरी पोचली होती. ती डावीकडं बघायची, उजवीकडं बघायची, कुणी ऐकत नाही ना याची खात्री करायची, ओठांवरून जीभ फिरवायची आणि मग तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "बोलू नये, पण बोलते!" माणसं खुर्चीतून पडायची.

त्यांच्या ओळखी अशा की कोल्हापूरचे पैलवान त्यांना खांद्यावर घेत, बेळगावचे थेटरवाले त्यांच्यासाठी तारखा राखून ठेवत. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा सरहद्दीवर पत्रादेवीच्या नाक्यावर पाखले, म्हणजे गोरे, शिपाई इतरांच्या पेट्या उलट्यापालट्या करत, मास्तरांची पेटी मात्र बंदच जाई. अधिकाऱ्याला मराठी कळत नसे, तरी मास्तरांनी भुवई उडवली की तो हसे आणि नाटकाला परवानगी मिळे. पेडण्या-डिचोलीच्या किती पोरांना त्यांच्या शब्दावर मुंबईत गिरणीत काम मिळालं, किती जण त्यांच्या गिरगावातल्या खोलीत पथारी टाकून राहिले, याला गणती नाही. गोवा मुक्त झाल्यावर मंत्रीही त्यांना रघूबाब म्हणू लागले. ते वारले तेव्हा आमच्याकडे असं एक घर नव्हतं, ज्याला मास्तरांबद्दल सांगायला स्वतःचं काही नव्हतं. आता त्यांच्या नावाचं सभागृह आहे, प्रतिष्ठान आहे, स्पर्धा आहे, पुरस्कार आहे. माणूस गेला, पण त्याचं जाळं तसंच ताणलेलं राहिलं.

गोकुळदास त्या जाळ्यात सापडला तो एका तापामुळं. मयेच्या जत्रेत गावचं नाटक होतं. फार्सात भांडखोर मामीचं काम करणारा गडी ऐनवेळी तापानं फणफणला आणि विशीतल्या गोकुळदासला लुगडं नेसवून उभं केलं. याआधी त्यानं रंगमंचावर कधी पाय ठेवला नव्हता. तो आला, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली, आणि पंजाची उलटी बाजू मांडीवर आपटून पहिलं वाक्य टाकलं. मंडपात हसू फुटलं. पण म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडाचा आ तसाच राहिला. "मास्तर! साक्षात मास्तर रे!"

दुसऱ्या दिवसापासून कुजबुज सुरू झाली. मास्तर दर जत्रेला मयेला यायचे. नाटक कंपनीचा मुक्काम भाटकाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरी असायचा, पण जेवायला मास्तर शेजारच्या देवकीच्या पडवीवर बसायचे. म्हणायचे, पंगतीतलं गोडधोड नको, मला देवकीची पेज आणि तोंडी लावायला सुक्या सुंगटांची किसमूर हवी. ही देवकी म्हणजे गोकुळदासची आई. लोकांनी बोटांवर वर्षं मोजली. आधी फक्त हातवारे जुळले होते. मग नाक जुळलं. मग हनुवटीही जुळली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. हे बोलणाऱ्यांना आपण कुणाला शिवी देतो आहोत असं वाटतच नव्हतं. उलट अभिमान वाटत होता. पेडण्याला मास्तरांचं घर होतं, मुंबईला त्यांचं नाव होतं. आता आपल्या गावातही त्यांचं काही तरी आहे! जो तो हे अशा थाटात सांगे, जणू गावात सोन्याची खाण सापडली. त्या खाणीखाली एक बाई गाडली जात होती, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गोकुळदासच्या आलं. त्यानं महिन्याभरात जाडजूड मिशी वाढवली. घरी जेवणाच्या वेळी तो बाहेर राहू लागला. आईनं विचारलं तर सांगेना. त्याचा बाप दादू चिरेखाणीवर चिरे काढायचा. लाल धुळीनं माखलेला, मितभाषी माणूस; दिवसभरात त्याच्या तोंडून दहा शब्द निघाले तर पुष्कळ. त्याच्या कानावर काय गेलं, काय नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

देवकीला हे कळलं ते डिचोलीच्या आठवड्याच्या बाजारात, आणि तेव्हा मी तिथं होतो. ती भिंतीच्या सावलीत तांबड्या भाजीच्या जुड्या घेऊन बसायची. ठेंगणी, काळीसावळी, कपाळावर मोठं कुंकू. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष कृष्णनाथशेट, कापडाचे व्यापारी, भाजी घ्यायला थांबले. आसपास दहा-वीस माणसं होती. शेट प्रसन्न होते. मोठ्यानं म्हणाले, "देवकी गे, तुज्या झिलान नाव काढल्यान हां. मास्तर ग्येले, पण रगत हय सोडून ग्येले."

देवकी एका गिऱ्हाइकासाठी जुडी बांधत होती. तिनं ती पुरी बांधली, गिऱ्हाइकाच्या पिशवीत ठेवली आणि उभी राहिली. मला वाटलं आता ती रडेल, नाही तर विळी उचलेल. तिनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. ओठांवरून जीभ फिरवली. पंजाची उलटी बाजू मांडीवर आपटली आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हणूचा नाय, पण म्हणतंय!"

लोक हसले. न हसून सांगतात कुणाला? ती बायजाकाकूच होती. आणि मग हळूहळू हसू विरत गेलं, कारण एकेकाच्या डोक्यात उजेड पडू लागला.

"हसलास मां?" देवकी म्हणाली. "तो रघूय असोच हसा होतो, माझ्या पडवीर बसान. पेज निवान जाय, तरी हसा होतो. एक दिस म्हणालो, देवकीबाय, तुझा ह्या बोलणा मी घेव? मी म्हटलं, घे बाबा, माझा थंय काय कमी जाता? घेतल्यान नि मुंबैक ग्येलो. आनि ह्यो माझो झील माझ्याच मांडयेर वाढलो, तेका दुधावांगडाच गावला. दोगांय शिकले ते ह्या तोंडाकडसून." तिनं आपल्या तोंडावर बोट ठेवलं. "रगत खंय इला हय, शेटानू? तुमी माझी भाजी इतकी वरसां खातास, मगे तुमीय माझे काय?"

या वेळी जे हसू उठलं ते शेटांवर होतं. शेट पिशवी घेऊन निघाले. देवकी खाली बसली आणि पुढच्या जुडीला हात घातला. गाठ नीट बसेना, तेव्हा शेजारच्या नारळवालीनं ती जुडी तिच्या हातातून घेतली आणि बांधली.

गोकुळदास संध्याकाळी घरी जेवायला आला, एवढं मला माहीत आहे. पुढच्या जत्रेत आमचं नाटक होतं तेव्हा पहिल्या रांगेत, जिथं पंच आणि भाटकार बसतात, तिथं दादू चिरेवाला धुतलेला सदरा घालून येऊन बसला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, आणि उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तेव्हापासून तो मरेपर्यंत, गोकुळदासचं नाटक जिथं असेल तिथं, पहिली रांग त्यानं सोडली नाही. कुणी गोकुळदासकडं बोट करून मुद्दाम खोचून विचारलं, "हो कोण रे?" तर म्हणायचा, "माझो झील." बस, दोन शब्द.

एकदा मी धीर करून त्याला विचारलं, "दादूकाका, लोक इतकं बोलले, तुमका काय वाटला नाय?" त्यानं विडी विझवली. मग म्हणाला, "तो रघू येवच्या आदी ह्या सगळा मी आयकलेला आसा. देवकीच्या म्हायेरच्या बांयवर, ती पाणी भरताना. म्हणान तर लगीन केलंय." इतकं लांब बोललेला मी त्याला पुन्हा कधी ऐकला नाही.

बाजारातल्या प्रसंगानं कुजबुज थांबली असं मात्र झालं नाही. "बाई चतुर," असं म्हणून लोकांनी ती कुजबुज जपून ठेवली. मास्तरांचे एक जुने शिष्य मुंबईहून आले. त्यांची नाटक कंपनी होती. गोकुळदासनं कंपनीत यावं, जाहिरातीत 'मास्तरांचा वारस' एवढंच छापायचं, बाकी सगळं ते बघतील, असं ते म्हणाले. गोकुळदासनं विचारलं, "देवकीचो झील असा छापशात?" ते म्हणाले, "मुंबईत देवकीला कोण ओळखतं?" गोकुळदास म्हणाला, "माकाय कोण ओळखणा नाय. मी हय बरो आसंय." आणि आपल्या बसवर कामाला गेला.

मास्तरांच्या नावाच्या स्पर्धेत आम्ही दर वर्षी उतरायचो. गोकुळदास नाटकं स्वतः रचायचा. मामीचं काम मिशीसकट करायचा. मिशीवर पदर घेऊन लाजला की लोक थिएटर डोक्यावर घेत. आणि दर वर्षी परीक्षक म्हणायचे, अभिनय उत्तम, परंतु मास्तरांची नक्कल टाळावी. एका बक्षीस समारंभात हे ऐकल्यावर तो प्रेक्षकांतून उठला. "नक्कल कोणी कोणाची केली तां माझ्या आवशीक इचारा. ती थंय बसली आसा." देवकी तिसऱ्या रांगेतून उठली आणि तिनं परीक्षकांना वाकून, अगदी आदरानं नमस्कार केला. बक्षीस आम्हाला तेव्हाही मिळालं नाही.

मी त्याला म्हणायचो, "ही स्पर्धा सोडून देऊया रे." तो म्हणायचा, "सोडली तर ते म्हणतले, खरा होता म्हणान सोडल्यान."

दादू गेला, मागोमाग काही वर्षांनी देवकीही गेली. गोकुळदास निवृत्त झाला, त्याची मुलगी सुविधा शाळेत शिक्षिका झाली. मिशी पांढरी झाली. मला वाटलं होतं, मास्तरांना प्रत्यक्ष पाहिलेली पिढी संपली की हे सगळं आपोआप संपेल. पण अशा माणसाचा प्रभाव ओसरतो तेव्हा त्याचं स्मारक होतं, आणि स्मारकाला वारस लागतो.

मास्तरांना जाऊन पन्नास वर्षं झाली त्या वर्षी प्रतिष्ठानचे दत्तप्रसाद हळर्णकर मयेला गोकुळदासच्या घरी आले. हे मास्तरांच्या पुतण्याचे चिरंजीव, पणजीत राहणारे, गोड बोलणारे, सभ्य गृहस्थ. मी त्या दिवशी तिथंच होतो. सुविधानं चहा आणला, सकाळी पाववाल्या पोदेराकडून घेतलेले कडक पाव आणले. दत्तप्रसादबाबनी पाव चहात बुडवला आणि विषय काढला. मास्तरांवर चित्रपट निघतो आहे, डिचोलीला मोठा सोहळा आहे, त्यात गोकुळदासबाबनी मास्तरांचा प्रवेश करावा. वारस म्हणून त्यांचा सत्कार व्हावा.

"आमच्या घरातही हे सगळ्यांना ठाऊक आहे," ते आवाज हळू करून म्हणाले. "आम्हाला त्यात अजिबात कमीपणा वाटत नाही, गोकुळदासबाब."

"तुमका नाय वाटाचो," गोकुळदास म्हणाला. "माझ्या आवशीक वाटतलो."

"त्या तर आता नाहीत."

"म्हणान तर मी आसंय."

दत्तप्रसादबाबनी कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते; त्यांना खरोखरच वाटत होतं की आपण काही तरी द्यायला आलो आहोत आणि हा माणूस ते घेत नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग सुचवला. हल्ली रक्ताची तपासणी होते. दोन्ही घरच्यांनी नमुने द्यावेत. जे खरं असेल ते चित्रपटात यावं. सगळ्यांचीच तोंडं बंद.

यावर सुविधा पटकन म्हणाली, "करूया ना, बाबा. काहीच नाही निघालं की सुटलो. आजीचं खरं होतं हे तरी कळेल सगळ्यांना."

मला वाटलं गोकुळदास ओरडेल. तो ओरडला नाही. मुलीकडं बघून सावकाश म्हणाला, "आजीचा खरा होता, ह्या तुका ठावक नाय?"

"मला ठाऊक आहे. लोकांना नाही."

"मगे तपासणी कोणाची? माझी नाय, रघूची नाय. तिची. मेली ती, जळान राख झाली, तरी तिका दिव्य करूक लावतलास? तिणां भर बाजारात सांगल्यान. तां पुरे नाय, आनि कोणाच्या सुयेच्या टोकाक इला तर पुरे?" मग दत्तप्रसादबाबकडं वळून, "च्या घेवा. निवता."

ते गेल्यावर मी त्याच्याबरोबर मयेच्या तळ्याच्या बाजूनं चालत गेलो. पर्यटकांच्या होड्या सुटल्या होत्या. मला राहवेना. मी म्हटलं, "गोकुळ, सुविधा बोलली त्यात वावगं काय? आपल्याला उत्तर ठाऊकच आहे, तर भ्यायचं कशाला?"

"ठावक आसा, मगे इचारूचा कित्याक?" तो म्हणाला. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा म्हणाला, "सगुण, उद्या कोण तुका म्हणात, तुझी आवस बरी होती काय ता तपासून दाखय. तू जातलंस?" पुढं त्या तपासणीचं नाव आमच्यात कधी निघालं नाही.

सोहळ्याचं आमंत्रण त्यानं स्वीकारलं हे ऐकून मी चकित झालो. त्याची एकच अट होती: पत्रिकेत आईचं नाव छापायचं. दत्तप्रसादबाब फोनवर म्हणाले, "पाहतो." पत्रिका आली तेव्हा तिच्यावर होतं: 'मास्तरांच्या वारशाचे मानकरी श्री. गोकुळदास गावस.' देवकीचं नाव कुठंच नव्हतं. सुविधा म्हणाली, "आता नाही जायचं." तो म्हणाला, "आता तर जातलंयच. हॉलात माणसां येतली मां?"

सभागृह भरलं होतं. पेडण्याहून गाड्या भरून लोक आले होते, कोल्हापूरहून मास्तरांचे जुने चाहते आले होते, कॅमेरेवाले होते. निवेदकानं भारदस्त आवाजात सांगितलं की आता मास्तर आपल्याला पुन्हा भेटणार आहेत. पडद्यामागं मी गोकुळदासच्या लुगड्याच्या निऱ्या नीट करत होतो. त्यानं आईसारखं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं लुगडं नेसलं होतं, कपाळाला मोठं कुंकू, आणि त्याखाली ती पांढरी मिशी. मी विचारलं, "काय करणार आहेस?" तो म्हणाला, "माका ठावक आसा तां."

तो रंगमंचावर गेला. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. लोक लगेच टाळ्या वाजवू लागले. ते मास्तरांच्या वाक्याची वाट बघत होते. त्यानं टाळ्या संपू दिल्या.

"म्हणूचा नाय, पण म्हणतंय," तो म्हणाला. "मी देवकी. दादू गावसाची बायल. मये ऱ्हवतंय, डिचोलीक भाजी विकतंय. आमच्या पडवीर एक पावणो येता, मुंबैसून. रघू म्हणतत तेका. पेज वाढली तर पेजेकडे बघणा नाय, माझ्या तोंडाकडे बघता. मी म्हटलं, बाबा, पेज हय ताटात आसा, माझ्या तोंडात नाय!"

हसू उठलं.

"माझ्या घोवाक, दादूक सांगलंय, हो पावणो माझा तोंड बघता. घोव म्हणता, बघू दी. तेका वरसाक एकदा, माका तां रोज आयकूचा लागता."

हशा वाढला. पुढच्या रांगेत दत्तप्रसादबाब डोळे पुसत हसत होते. गोकुळदास मांडीवर हात आपटत पुढं सरकला.

"एक दिस इचारता, देवकीबाय, तुझा बोलणा मी घेव? मी म्हटलं, घे. माझ्या परसातल्या अळवासारखा तां, कापला तरी येता. घेतल्यान. मुंबैक गेलो. मुंबै हसली. कोल्हापूर हसला. पत्रादेवीचे पाखलेय हसले. वरसान परत इलो, आंगावर रेशमी सदरो. मी म्हटलं, रघू, खंयचा बोलणा तां थंय सांगलंस? माझा नाव घेतलंस? म्हणता, विसारलंय गे! अरे, येवढा मोठा तोंड घेवन गेलंस, नि येवढासा नाव न्हेवक पेटयेत जागा नाय!"

सभागृह कोसळलं. पण तो हशा मध्येच कुठं तरी अडखळला, आणि मला बाजारातला दिवस आठवला. लोकांना कळू लागलं होतं की आपण काय ऐकतो आहोत. दत्तप्रसादबाबनी चष्मा काढून हातात घेतला होता. निवेदकाला बहुधा कुणी तरी खूण केली. त्यानं वेळ संपल्याची घंटा वाजवली.

गोकुळदास थांबला. पदर कमरेला खोचला. "ही घांट कोणाची वाजता? पूजा झाली?" लोक पुन्हा हसले. पुन्हा घंटा वाजली, मग ध्वनिक्षेपक बंद झाला. तो रंगमंचाच्या अगदी कडेला आला आणि भाजी विकणाऱ्या बाईच्या आवाजात बोलला; त्या आवाजाला यंत्र लागत नाही.

"माझ्या झिलाक म्हणतत, रघूचो. मी म्हणतंय, अरे, उलटा धरलास! रघू माझो चेलो. दोगांय हयच शिकले, एकाच चुलीकडे. एक नाव करूक ग्येलो, एक बसवर तिकिटां फाडता. जेका हसूचा आसा तेणां हसाचा. पण हसताना नाव घेवचा. देवकी. कठीण नाय. तीन अक्षरां."

मागच्या बाजूनं कुणा बाईनं ओरडून म्हटलं, "देवकी!" मग आणखी दोघी-तिघींनी. सगळं सभागृह नाही. कोल्हापूरची मंडळी गोंधळून इकडंतिकडं बघत होती, पेडण्याचे काही जण उठून गेले. पण त्या बायका ओरडत राहिल्या.

गोकुळदास आत आल्यावर दत्तप्रसादबाब भेटायला आले. चेहरा उतरला होता. "तुम्ही हे आधी सांगितलं असतं तर…"

"सांगलंय," गोकुळदास कुंकू पुसत म्हणाला. "तुमी च्या पिया होतास."

एवढं झाल्यावर निदान काही बदलेल, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात मथळा होता: 'मास्तरांचं रक्त पुन्हा बोललं!' गोकुळदासनं मला उठवलं आणि आम्ही बसनं पणजीला त्या कचेरीत गेलो. बातमी लिहिणारी मुलगी कार्यक्रमाला आलीच नव्हती; तिनं पत्रिका पाहून लिहिलं होतं. संपादक म्हणाले, "काका, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल." गोकुळदास समोरच्या कदेलवर, म्हणजे खुर्चीवर, बसला आणि उठेना. दुपार झाली. दुरुस्ती छापतो म्हणाले, तेव्हा उठला. तीन ओळींची दुरुस्ती निविदांच्या शेजारी आली. चित्रपटही आला. त्यात गोकुळदासचा चेहरा क्षणभर दिसतो, खाली अक्षरं येतात: 'मास्तरांचे स्थानिक चाहते.' ते पाहून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मला मात्र हसू आलं नाही.

त्यानंतर त्यानं कुणाला पटवून द्यायचं सोडलं, असं वाटत असेल तर ते चूक आहे. त्यानं तेल-रंगाचा डबा आणि कुंचला आणला. डिचोलीच्या बाजारात देवकी ज्या भिंतीच्या सावलीत बसायची, त्या भिंतीवर त्यानं भर दुपारी, सगळ्यांसमोर लिहिलं: 'हय देवकी दादू गावस भाजी विका होती. लोक हसा होते.' अक्षर वाकडंतिकडं होतं. डबा मी धरला होता. दुकानदार बघत राहिले. कुणी तरी विचारलं, "परवानगी आसा?" तो म्हणाला, "हयसर बसान हसवची तिणां तरी खंय घेतलली?"

चतुर्थीच्या आधी बाजाराला चुना मारणारा कंत्राटदार आला आणि त्याच्या माणसांनी ते पुसलं. आम्ही पुन्हा लिहिलं. पुढच्या वर्षी पुन्हा पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं. गोकुळदासला गुडघ्यांचा त्रास, त्यामुळं खालची ओळ आता मी लिहितो.

यंदा आम्ही डबा घेऊन गेलो, तर सगळी भिंत पांढरीशुभ्र होती आणि मधला एक चौकोन आमच्या अक्षरांसकट तसाच राहिलेला. त्या जागी आता वैशाली नावाची बाई बसते, बेळगावकडची. नवरा बांधकामावर आहे. मी तिला विचारलं, हे कसं राहिलं? ती म्हणाली, "चुनेवाला आलता की. मी म्हटलं, माझ्या डोक्यावरची बाई आहे ती, तिला हात लावायचं नाही. तो म्हणाला, कोण ती तुझी? मी म्हटलं, तुला काय करायचंय? बाजूनं मार." मग गोकुळदासकडं बघून तिनं विचारलं, "पण काका, कोण हो ही देवकी?"

गोकुळदास तिच्या शेजारी पोत्यावर बसला आणि सांगू लागला. सुरुवातीला ती नुसती ऐकत होती, मग हसू लागली, मग भाजी घ्यायला थांबलेल्याही हसू लागल्या. बराच वेळ गेला. मी डबा धरून उभा होतो, शेवटी म्हटलं, "गोकुळ, रंग सुकतोय."

तो उठला, भिंतीजवळ गेला, डोळे बारीक करून अक्षरं न्याहाळली. "फिकी झाली आसत," तो म्हणाला आणि आईच्या नावाचं पहिलं अक्षर आधीच्यापेक्षा मोठं काढायला घेतलं.